उशिरा पोचणारे संदर्भ

शोधनिबंध हातात आला की मी आधी त्याची शेवटची पानं उघडते. निबंध काय म्हणतो ते नंतर. लेखक कोणाकडून शिकला, कोणाशी त्याचा वाद आहे, कोणाचं नाव त्याने केवळ रीत म्हणून घेतलंय, हे सगळं संदर्भसूचीत दिसतं. विमा आणि विमागणित या विषयांत तर ही पानं वाचायला फारच मजा येते, कारण घराणं लहान आहे. तीच नावं पुन्हा पुन्हा भेटतात आणि थोड्याच दिवसांत कोण कोणाला मानतो याचा अंदाज यायला लागतो. मग साहजिकच पुढचा प्रश्न येतो : हा अंदाज मोजता येईल का? या विषयाच्या जर्नलांपैकी कोणाचा प्रभाव किती, हे संदर्भ मोजून सांगता येईल का?

ही कल्पना रसायनशास्त्राच्या ग्रंथालयातून आली. १९२७ मध्ये ग्रॉस आणि ग्रॉस यांनी एका नामवंत रसायनशास्त्रीय जर्नलच्या १९२६ च्या अंकांतले संदर्भ मोजले. लहान कॉलेजने तुटपुंज्या पैशांत कोणती नियतकालिकं घ्यावीत, एवढाच त्यांचा प्रश्न होता. पुढे १९५५ मध्ये युजीन गारफील्ड यांनी सगळ्या विज्ञानासाठी संदर्भांची सूची करण्याचा विचार मांडला. त्यांच्यासमोर नमुना होता वकिलांचा : फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ पासून चालवलेली, कोणत्या निकालाचा आधार पुढे कोणत्या निकालाने घेतला हे सांगणारी सूची. गारफील्ड यांच्या सूचीतूनच पुढे इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलच्या अलीकडच्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळाले तो आकडा, निघाला आणि १९७५ पासून जर्नलांचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध होऊ लागले.

विम्याच्या क्षेत्रात हे काम नेटाने केलं एल. ली कॉलक्विट यांनी. 'जर्नल ऑफ रिस्क अँड इन्शुरन्स'मध्ये १९९७ मध्ये त्यांचा निबंध आला, विमा आणि विमागणिताची जर्नलं व त्यांतले लेख यांचं तुलनात्मक महत्त्व संदर्भांवरून ठरवणारा. २००३ मध्ये दुसरा आला, १९९६ ते २००० या काळातल्या संदर्भांवर. मोठ्या सूचींत विम्याच्या जर्नलांची वाटणी अर्थशास्त्र, वित्त, संख्याशास्त्र अशा मोठमोठ्या वर्गांत होऊन जाते, आणि तिथे ती हरवतात. त्यांना एकत्र बसवून, ती एकमेकांना काय देतात-घेतात हे पाहणं ही गोष्ट मला मोलाची वाटते. एखाद्या विषयाने स्वतःकडे असं पाहावं लागतं, कारण बाहेरचं कोणी त्याच्यासाठी ते करत नाही.

पण मोजायचं कसं, इथे मला या विषयाविषयी एक तक्रार आहे. विमागणितवाल्यांकडे असे आकडे वाचण्याची जगातली उत्तम हत्यारं आहेत. शंभराहून अधिक वर्षं ते अपुऱ्या, उशिरा येणाऱ्या, लहान नमुन्यांच्या आकड्यांतून शहाणपणाने निष्कर्ष काढत आले आहेत. त्यांचीच जर्नलं मोजायची वेळ आली की मात्र ही हत्यारं फडताळातच राहतात आणि साधी सरासरी पुढे येते.

इम्पॅक्ट फॅक्टरचंच पाहा. २०२० या वर्षाचा आकडा काढायचा, तर २०१८ आणि २०१९ मध्ये छापलेल्या लेखांना २०२० मध्ये मिळालेले संदर्भ घ्यायचे आणि त्या दोन वर्षांतल्या लेखांच्या संख्येने भागायचं. म्हणजे लेख छापल्यापासून जेमतेम दोनेक वर्षांत जे घडेल तेच धरायचं. आता हाच हिशेब विमा कंपनीत मांडून बघा. अपघात या वर्षी झाला, पण दावा पुढच्या वर्षी आला. काही दावे पाच वर्षांनी येतात, दायित्व विम्यात, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देण्याच्या विम्यात, तर वीस वर्षांनीही. झालेले पण अजून कळवले न गेलेले हे दावे अंदाजून त्यांच्यासाठी राखीव निधी ठेवणं हे ॲक्च्युअरीचं, म्हणजे विमागणितज्ञाचं, रोजचं काम. त्यासाठी तो एक त्रिकोण मांडतो. आडव्या ओळीत अपघाताचं वर्ष, उभ्या रकान्यांत त्यानंतर गेलेली वर्षं, आणि चौकटींत तोवर आलेल्या दाव्यांची रक्कम. जुन्या ओळी पूर्ण भरलेल्या असतात, नव्या ओळींत एकदोनच चौकटी. जुन्या ओळी कशा वाढत गेल्या यावरून नव्या कशा वाढतील याचा अंदाज बांधायचा, ही चेन-लॅडर पद्धत. दुसऱ्या रकान्यानंतर त्रिकोण कापून टाकणारा आणि उरलेल्याला एकूण नुकसान म्हणणारा ॲक्च्युअरी नोकरीवर टिकणार नाही. जर्नलांच्या बाबतीत आपण वर्षानुवर्षं नेमकं हेच करत आलो आहोत.

जीवशास्त्रात दोन वर्षांची खिडकी कदाचित पुरत असेल. विमागणित हळू चालतं. एखादी पद्धत आधी छापली जाते, मग परीक्षांच्या अभ्यासक्रमात जाते, मग तीवर वाढलेली पिढी स्वतः लिहायला लागते आणि तेव्हा कुठे संदर्भ येऊ लागतात. फिलिप लुंडबर्ग यांचा प्रबंध १९०३ चा, उप्साला विद्यापीठातला. विमा कंपनीच्या दिवाळखोरीची शक्यता मोजणाऱ्या सगळ्या गणिताचा उगम त्यात आहे. तो वाचणाऱ्यांना फार अवघड गेला. हाराल्ड क्रामेर यांनी १९३० च्या सुमारास तो विचार काटेकोर गणिताच्या भाषेत मांडला आणि मग तो इतरांच्या हाती लागला. मधली सत्तावीस वर्षं कोणत्या रकान्यात टाकायची? ब्रुनो दे फिनेत्ती यांनी १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय ॲक्च्युअरी परिषदेत एक छोटा निबंध मांडला. त्यांचं म्हणणं असं, की कंपनी अमर्याद पैसा साठवत राहील असं का धरायचं, तिने लाभांश किती आणि केव्हा वाटावा हा खरा प्रश्न आहे. हान्स गेर्बर यांनी १९६९ मध्ये तो धागा उचलला, आणि नव्वदीनंतर तर या प्रश्नावर निबंधांचा पूर आला. १९५८ किंवा १९५९ चा इम्पॅक्ट फॅक्टर कोणी काढला असता, तर त्यात या पुराची चाहूलही लागली नसती.

जर्नलांच्या वार्षिक अहवालात संदर्भांचं 'अर्धायुष्य' नावाचा एक रकाना असतो. मिळालेल्या संदर्भांपैकी निम्मे किती जुन्या लेखांना आहेत, ते तो सांगतो. कित्येक वर्षं हा आकडा दहाच्या वर गेला की नुसतं 'दहाहून अधिक' असं छापलं जाई. मृत्युदराच्या तक्त्यांत सर्वांत वयस्कर लोकांचा गट असा उघडा ठेवतात, पण तिथे ॲक्च्युअरी समाधान मानत नाही. नव्वदीपुढचा मृत्युदर कसा वागतो यावर त्याने आयुष्यं घालवली आहेत. संदर्भांच्या म्हातारपणाकडेही तेवढ्याच आस्थेने पाहायला हवं होतं. २००७ पासून पाच वर्षांचा इम्पॅक्ट फॅक्टरही दिला जाऊ लागला, ते बरं झालं. पण बढतीच्या फॉर्मवर आजही बहुधा दोन वर्षांचाच आकडा मागतात.

नव्या जर्नलचं काय, असं कोणी विचारेल. त्याच्याकडे जुन्या ओळीच नाहीत. त्याचंही उत्तर घरात आहे. बॉर्नह्युटर आणि फर्ग्युसन यांनी १९७२ मध्ये 'प्रोसीडिंग्ज ऑफ द कॅज्युअल्टी ॲक्च्युएरियल सोसायटी'त अशा कोवळ्या ओळींसाठी पद्धत दिली : जेवढं आलं तेवढं खरं धरा, आणि जे यायचं आहे त्यासाठी आधीपासूनची वाजवी अपेक्षा वापरा. नव्या जर्नलला पहिल्या दोन वर्षांत थोडे संदर्भ मिळाले म्हणून ते वाया गेलं असं यात होत नाही, आणि खूप मिळाले म्हणून त्याला डोक्यावर घेण्याची घाईही होत नाही.

आता लहान नमुन्याचा प्रश्न. या क्षेत्रातली बरीच जर्नलं वर्षाला मोजकेच लेख छापतात. कल्पना करू, एका जर्नलने दोन वर्षांत चाळीस लेख छापले. त्यांतल्या एकट्या लेखाला साठ संदर्भ मिळाले आणि बाकी एकोणचाळिसांना मिळून साठ. आकडा आला ३. तो एक लेख शेजारच्या जर्नलकडे गेला असता तर आकडा झाला असता दीडच्या आसपास. संपादक तेच, परीक्षक तेच, उरलेले लेख तेच. संदर्भांचं वाटप असंच असतं : बहुतेकांच्या वाट्याला थोडं आणि एखाद्याच्या वाट्याला खूप. आगीच्या आणि वादळाच्या दाव्यांचं असंच असतं हे विमावाल्यांना चांगलं ठाऊक आहे. म्हणून तर मोठ्या दाव्यांचा हिशेब ते वेगळा ठेवतात आणि पुनर्विमा घेतात, म्हणजे आपल्या जोखमीचा विमा दुसऱ्या कंपनीकडे उतरवतात.

लहान अनुभवावर, म्हणजे थोड्याच दाव्यांच्या नोंदीवर, किती विश्वास टाकायचा हा प्रश्न त्यांनी फार लवकर विचारला. 'प्रोसीडिंग्ज'च्या पहिल्याच खंडात, १९१४ मध्ये, मॉब्रे यांनी विचारलं होतं की भरवशाचा दर ठरवायला किती मोठा अनुभव हवा. १९६७ मध्ये हान्स ब्युलमान यांनी 'ॲस्टिन बुलेटिन'मध्ये याचं देखणं उत्तर दिलं. एखाद्या विमेदाराचा स्वतःचा अनुभव आणि सगळ्या गटाची सरासरी यांचं मिश्रण करायचं. अनुभव जितका मोठा तितकं त्याचं वजन जास्त. तीन वर्षांनी ब्युलमान आणि श्ट्राउब यांनी ते वेगवेगळ्या आकाराच्या गटांना लागू केलं. वरच्या काल्पनिक जर्नलला ते लावून बघू. क्षेत्राची सरासरी दीड आहे असं धरू. शंभर लेखांच्या अनुभवाला निम्मं वजन द्यायचं असं ठरवलं, तर चाळीस लेखांना वजन मिळतं दोन-सप्तमांश. मग ३ चा आकडा उतरून १.९ वर येतो. मला हा १.९ अधिक प्रामाणिक वाटतो. पुढच्या वर्षी तो भलेमोठे हेलकावे खाणार नाही, आणि जर्नलांच्या यादीत तीन पायऱ्या चढण्या-उतरण्यावरून कोणाची झोप उडणार नाही. अर्थात ते शंभर कुठून आणायचे, हे अंदाजाने ठरवून चालणार नाही. जर्नला-जर्नलांतला फरक आणि एकाच जर्नलमधला वर्षावर्षाचा फरक, दोन्ही मोजून ते काढावे लागतात. अवघड नाही, विमा कंपन्यांत ते रोज काढतात.

याहून खोल एक अडचण आहे आणि तिच्याशी मी बराच काळ झगडते आहे. १९२० मध्ये ग्रीनवूड आणि यूल यांनी कामगारांच्या अपघातांचे आकडे तपासले. काही जणांना वारंवार अपघात होत होते. याची दोन स्पष्टीकरणं शक्य होती. एक, काही माणसं मुळातच अपघातप्रवण असतात. दोन, सगळी सारखीच, पण एकदा अपघात झाला की पुढचा होण्याची शक्यता वाढते. गंमत अशी, की दोन्ही कल्पनांतून आकड्यांचं एकच वाटप निघू शकतं. विल्यम फेलर यांनी १९४३ मध्ये हे नीट उघड करून दाखवलं. एका वेळच्या मोजणीवरून दोहोंतलं खरं कोणतं ते सांगताच येत नाही.

संदर्भांचंही हेच आहे. एखाद्या जर्नलला भरपूर संदर्भ मिळतात ते त्यातले लेख चांगले असतात म्हणून, की आधी संदर्भ मिळाले म्हणून लोकांच्या नजरेत राहिले आणि आणखी मिळाले? ज्याच्याकडे आहे त्यालाच अधिक मिळतं, हे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये विज्ञानाबद्दल सांगितलं, आणि डेरेक प्राइस यांनी १९७६ मध्ये त्याचं गणित मांडलं. पण यादी पाहणारा माणूस नेहमी पहिलंच स्पष्टीकरण धरून चालतो. वरच्या जर्नलमधला लेख म्हणजे चांगला लेख. वाहन विम्यात हीच चूक केली, तर नुसत्या दुर्दैवी चालकाला बेदरकार ठरवून त्याच्याकडून जादा हप्ता वसूल केल्यासारखं होईल. तिथे निदान नियामक तरी विचारतो. इथे तरुण संशोधकाच्या वतीने विचारणारं कोणी नाही. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या जाहीरनाम्याने बजावलं की जर्नलच्या आकड्यावरून एकट्या माणसाचं किंवा एकट्या लेखाचं मोल ठरवू नका. माझं त्याला पूर्ण अनुमोदन आहे.

आणि मग कुंपणाचा प्रश्न. विम्याची जर्नलं गोळा करून त्यांचे आपसातले संदर्भ मोजले, की कुंपणाबाहेरची ये-जा दिसेनाशी होते. विम्याच्या अर्थशास्त्राचे पायाचे निबंध बघा. केनेथ ॲरो यांचा वैद्यकीय सेवेवरचा १९६३ चा निबंध 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त आला. कार्ल बोर्च यांचा पुनर्विमा बाजारावरचा, १९६२ मध्ये 'इकॉनोमेट्रिका'त. विमेदाराला स्वतःची जोखीम ठाऊक आहे आणि कंपनीला नाही, तर बाजाराचं काय होतं हे सांगणारा रॉथशिल्ड आणि स्टिग्लिट्झ यांचा १९७६ चा निबंध 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये. मृत्युदराचं भाकीत करणारं ली-कार्टर प्रतिमान १९९२ मध्ये संख्याशास्त्राच्या जर्नलमध्ये आलं. आपल्या विषयाचे मोठे निबंध बाहेर छापले जातात याची खंत अनेकांना वाटते. मला ती तेवढी वाटत नाही. विम्याचा प्रश्न अर्थशास्त्राच्या भर सभेत मांडला गेला, यात विषयाचा मानच आहे.

मला चुटपुट लागते ती उलट दिशेची. इथून बाहेर गेलेल्या गोष्टींवर इथलं नाव क्वचितच राहतं. मृत्युदराच्या खडबडीत तक्त्यांना गुळगुळीत करण्यासाठी व्हिटेकर यांनी १९२३ मध्ये एक पद्धत सुचवली आणि हेंडरसन यांनी लगेच ॲक्च्युअरींसाठी ती घडवून घेतली. मूळ आकड्यांशी इमान आणि रेषेचा गुळगुळीतपणा यांच्यात तडजोड साधणारी ही पद्धत. १९८० च्या सुमारास हॉड्रिक आणि प्रेस्कॉट यांनी अर्थव्यवस्थेतली तेजी-मंदी दीर्घकालीन कलापासून वेगळी काढायला मुळात हीच युक्ती वापरली. त्यांचा निबंध रीतसर छापला गेला १९९७ मध्ये. आज मध्यवर्ती बँकांत ती त्या दोघांच्या नावाने चालते, आणि वापरणाऱ्या बहुतेकांना ॲक्च्युअरींचे तक्ते आठवत नाहीत. वैद्यकात रुग्ण किती काळ जगले हे दाखवणाऱ्या पायऱ्यापायऱ्यांच्या आलेखामागचा कॅप्लान आणि मायर यांचा १९५८ चा निबंध सर्वाधिक संदर्भ मिळालेल्या शास्त्रीय निबंधांपैकी एक आहे. त्यातल्या गुणाकाराचा, म्हणजे एकेक टप्पा ओलांडून जगण्याच्या शक्यता गुणत जाण्याचा, विचार ब्योमर यांनी १९१२ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या ॲक्च्युअरी परिषदेत मांडला होता. वितरणं जुळतात का हे तपासणाऱ्या एका प्रसिद्ध कसोटीत क्रामेर यांचं नाव आहे. त्यांचा १९२८ चा तो निबंध स्कँडिनेव्हियातल्या ॲक्च्युअरींच्या नियतकालिकात आला होता, जे १९१८ मध्ये सुरू झालं आणि आजही वेगळ्या नावाने चालू आहे. कल्पना सर्वांच्या वापरात गेली की तिचा उगम नोंदवणं थांबतं. मर्टन यांनी हेही सांगून ठेवलं आहे.

सर्वांत मोठा वापर तर निबंधांत होतच नाही. थॉमस माक यांनी १९९३ मध्ये 'ॲस्टिन बुलेटिन'मध्ये चेन-लॅडरच्या अंदाजात चूक किती असू शकते याचं सूत्र दिलं. आज ते राखीव निधीच्या सॉफ्टवेअरमध्ये बसलेलं आहे. ते चालवणारा ॲक्च्युअरी अहवाल संचालक मंडळाला देतो, जर्नलला नाही. मेर्त्स आणि व्युथ्रिख यांनी २००८ मध्ये तेच सूत्र एका वर्षाच्या नजरेतून पुन्हा मांडलं, कॅज्युअल्टी ॲक्च्युएरियल सोसायटीच्या ई-फोरममध्ये. कंपनीने स्वतःच्या आकड्यांवरून राखीव निधीची जोखीम ठरवण्याची एक पद्धत म्हणून ते विमा कंपन्यांकडे पुरेसं भांडवल असावं यासाठीच्या युरोपीय संघाच्या सॉल्व्हन्सी टू नियमावलीच्या परिशिष्टात जाऊन बसलं, आणि ही व्यवस्था १ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. निबंधाने कायद्यात जागा मिळवणं, याहून मोठा प्रभाव कोणता सांगू? कायद्याच्या त्या पानावर लेखकांची नावं नाहीत, आणि कोणत्याच सूचीत तो संदर्भ मोजला जात नाही.

इतकं असूनही मोजणी सोडून द्यावी असं मला वाटत नाही. नाव घेणं हा विद्येच्या व्यवहारातला प्रामाणिकपणा आहे आणि तो कुठे पाळला जातो, कुठे नाही, हे मोजल्याशिवाय दिसत नाही. पिन्स्की आणि नारिन यांनी १९७६ मध्येच सुचवलं होतं, की संदर्भ कोणाकडून आला यावर त्याचं वजन ठरवावं. त्यातून देणं-घेणं दोन्ही दिसतं. विमागणिताचं जर्नल संख्याशास्त्राकडून किती घेतं आणि त्याला किती देतं, वीस वर्षांत या देण्या-घेण्यातली तूट वाढली की घटली, हे मला कोणत्याही क्रमवारीपेक्षा अधिक जाणून घ्यावंसं वाटतं.

म्हणून मला तीन तक्ते हवे आहेत. प्रत्येक जर्नलचा संदर्भ-त्रिकोण, पूर्ण, मध्येच न कापलेला. ब्युलमान-श्ट्राउब पद्धतीने सावरलेली सरासरी, सोबत तीत चूक किती असू शकते याचा अंदाज. आणि तिसरा, अजून कोणी न केलेला असेल तर कोणीतरी करावाच असा : नियामकांची तांत्रिक कागदपत्रं, व्यावसायिक मानकं, परीक्षांची पाठ्यपुस्तकं यांतलं प्रत्येक सूत्र घेऊन ते कोणत्या निबंधातून आलं याचा माग. नाव छापलेलं असो वा नसो. यातली बरीच कागदपत्रं सर्वांना खुली आहेत, त्यांना लागतो तो विषय जाणणाऱ्या माणसाचा वेळ. सुरुवात राखीव निधीच्या प्रकरणांपासून करावी, कारण तिथली सूत्रं ओळखायला सोपी आहेत आणि त्यांचे मूळ निबंध सापडतात.